भाऊजींचा पांढरा दिवा

मंडळी, एवढ्या उन्हातान्हाचे तुम्ही सगळे भाऊजींच्या शोकसभेला आलात. मी बोलणार नव्हतो. ताईला तसं सांगितलंही होतं, मला जमणार नाही म्हणून. पण आत्ता इथे दोघातिघांनी भाऊजींचं कौतुक करता करता म्हटलं, की शेवटी त्यांचं लक्ष राहिलं नाही, जीव लावलेला सरडासुद्धा धड सांभाळला गेला नाही. ते ऐकून मला बसवेना, उठलो. तुमच्यामुळे नाही हो. माझ्यामुळे.

ऐका. भाऊजी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवत आले. मोरूसाठी, म्हणजे त्या परदेशी सरड्यासाठी, दिवा निवडायला त्यांनी मला माधवगंजपासून मुरारपर्यंत अख्खं शहर फिरवलं. दुकानदार जांभळा बल्ब पुढे करायचा. भाऊजी म्हणायचे, "रंग काय बघता? याच्या हाडांना लागतात ते किरण डोळ्यांना दिसतच नाहीत." शेवटी दिल्लीहून लांब पांढरी ट्यूब मागवली. पिंजऱ्यावर जाळी, जाळीवर ट्यूब, मध्ये काच अजिबात नको. काचेतून ते किरण आत जात नाहीत, हे मला शंभरदा सांगितलं. शंभरदा! मी नुसता हो हो करत राहिलो.

मग भाऊजी पडले, खुब्याचं हाड मोडलं, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले. तेवढ्यात चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बाहेर गौरीची आरास आणि शेजारी तो जाळीचा पिंजरा. दिसतं कसं ते! मीच ट्यूब काढली. मीच मांडववाल्याकडून जांभळा दिवा आणला, वर काच बसवली. बायका डाळ-पन्हं घेताना म्हणाल्या, "अगंबाई, किती छान!" मी फुगलो. गौर उठली, आरास उतरली, दिवा तसाच राहिला. छान दिसत होता ना!

भाऊजी रोज आतून विचारायचे, "मोरूचा दिवा चालू आहे ना रे?"

"चालू आहे की, एकदम झकास."

खोटं होतं का? चालूच होता.

दसऱ्याच्या सुमारास मोरूचे पाय वाकले. भाची सई म्हणाली, "मामा, ये तो डाल पकड़ ही नहीं पा रहा, फांदीवरून सारखा पडतोय. बाबांना दाखवू या." तिनं त्याला भाऊजींच्या छातीवर ठेवलं. त्यांनी बोटानं त्याचा जबडा चाचपला. मऊ लागला. पुन्हा दाबून बघितला. मग म्हणाले, "दिवा निवडण्यात मीच चुकलो रे."

आणि मी काय केलं? उशी सरळ केली. पाणी हवंय का, विचारलं. शी! त्यानंतर पंधरा दिवस होते ते. पंधरा दिवस मी तोंड उघडलं नाही. मंडळी, दाढी करताना आरशात बघवत नाही मला. स्वतःची किळस येते.

ताई, रड, मला शिव्या घाल, काय हवं ते कर. पण हे तुला आज कळायलाच हवं होतं.

ट्यूब परत लावलीय. काच फेकून दिली. मोरू जगलाय, पण पाय आता सरळ व्हायचे नाहीत.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं गप्प राहू. आणि इथून बाहेर पडल्यावर त्यांचं लक्ष राहिलं नाही असं कुणी म्हणू नका.

भाऊजी, नमस्कार करतो. तुमचा दिवा बरोबर होता.