मागच्या गल्लीचे फॉर्म

पडेगावच्या शाहेदा आपांना मी लई मानतो, का ते सांगतो. यादीतून नाव गळालेल्या मतदारांचे फॉर्म आमचा गट भरून देतो, त्यात या रिटायर मास्तरीणबाई सगळ्यांत पुढं. त्यांचा धाकटा भाऊ मात्र एका पक्षाचा कार्यकर्ता.

तो म्हणाला, "आपा, मागच्या गल्लीचे फॉर्म कायकू भरता? तिथलं एक मत आम्हाला पडत नाय."

"मत कुणाला, ते मी विचारतच नाय."

तणतणत गेला. आठवड्यानं मान खाली घालून आला. छावणी भागातलं घर सोडून इकडं राहायला आल्यावर त्याचंच नाव यादीतून उडालं होतं.

आपा म्हणाल्या, "भरते की. मागच्या गल्लीच्या मागं रांगेत उभा राहा."

राहिला. रांग लवकर सरावी म्हणून पुढच्या चौघांचे फॉर्म त्यानंच भरले.