मडमबाईची नवमी

मी मूळची अमळनेराकडची. बाप गावाची गुरं राखायचा. आमच्या गावात दोनच गोष्टी मुबलक, एक ऊन आनि दुसरा माझा आवाज. मी विहिरीवर बोलले की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायची, विचारा कोनालेही, आता विचारायले कोनी जित्तं राहिलं नाही ती गोष्ट वेगळी. लगीन झालं तशी सुरतेले आले. आमचे हे तेव्हा उधन्याले लूमवर होते, लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले, म्हनून तर माझ्याशी संसार जमला.

मग कोनी तरी सांगितलं, गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानाले चौकीदार पाहिजे, फाटकाजवळ राहायले खोली आहे. सासू म्हने भुतांमधी कसं ऱ्हावाचं, हे म्हनाले लूमपेक्षा शांत आहेत. गेलो. काय सांगू तुम्हाले, आत एकेका साहेबाच्या कबरीवर येवढाले घुमट, खांब, जिने, की जित्त्या मानसाले सुरतेत तेवढी खोली मिळायची नाही. गवत असं माजलेलं की एक म्हैस आत शिरली ती गवत कापलं तेव्हाच सापडली, सोबत रेडकू होतं. नळावर बाया म्हनायच्या, आली वं भुतांची सून. मी म्हने हो, माझ्या सासरी घुमट आहे, तुझ्या सासरी पत्रा तरी धड आहे का?

पन मी सांगत होते मडमबाईचं. त्या घुमटांच्या मागं, कडुनिंबाखाली, एक साधा आडवा दगड, त्याच्या बाजूले एक लहान दगड, तान्ह्या लेकराचा. चर्चचे पास्टर साहेब, कब्रस्तान त्यांच्याच ताब्यात, एकदा वाचून बोलले होते, ही बाई अमेरिकेची, जुन्या काळातली, अमक्याची बायको, इतक्या लेकरांची माय, इथंच सुरतेत वारली. बस, सासूनं धरलं. नवऱ्याचं नाव आहे, नवऱ्याचा दगड कुठं नाही, म्हनजे नवरा जित्ता असताना गेली, सवाशीन गेली! आनि तिची मानसं सात समुद्रापार, तिले पान कोन वाढंल? मग काय, पितरपाटात अविधवा नवमी आली की आमच्या घरात खापरावरचे मांडे व्हायचे, एक सवाशीन जेवू घालायची, आनि पान नेऊन मडमबाईच्या दगडापाशी ठेवायचं, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. सासू गेली तरी मी चालू ठेवलं. वर्षानुवर्षं कुंकू लावून त्या दगडाची अक्षरं लाल झालेली, पावसानं धुतली जायची नाहीत. पास्टर साहेबांनी पाहिलं आनि न पाहिल्यासारखं केलं, भला मानूस.

मग आमचे हे गेले. ताप आला, चार दिवसांत मानूस संपला. पोरगी शाळेत, पोरगं कमरेयेवढं. खोली चौकीदाराची, चौकीदार नाही तर खोली नाही. तेरावं झालं आनि माझा भाऊ आप्पा टेम्पो घेऊन आला. चाल वं माय, सामान बांध, म्हने. आप्पा वाईट नाही, पन त्याच्या घरी मी कोन होनार ते मले इथूनच दिसत होतं. वहिनीची भांडी, वहिनीची गुरं, वहिनीच्या पोरांचे कपडे, आनि माझी पोरगी शेतात निंदायले. तरी बांधत होते. दुसरं काय करनार? कपाळ पांढरं, हात मोकळे.

तेवढ्यात फाटकासमोर मोटार. खोटं वाटंल, पन तुमच्या हातातल्या चहाची शपथ. पास्टर साहेब आनि त्यांच्यासोबत एक म्हातारी गोरी बाई, ताडासारखी उंच, डोक्यावर टोपी. पास्टर साहेब म्हनाले, सुमनबेन, आ बेन अमेरिकाथी आव्या छे, अमेरिकेहून आल्यात, ती कडुनिंबाखालची बाई हिच्या पनजीची आई. मी पोटली टाकली आनि पळाले पुढं. मागं माझी पोरं, मागं आप्पा ओरडत, अवं टेम्पोवाला थांबायचा नाही!

म्हातारीनं दगड पाहिला, लाल अक्षरं पाहिली, बोट लावलं. विचारलं हे काय. पास्टर साहेबांचा चेहरा लिंबू खाल्ल्यासारखा झाला. मीच सांगितलं, सवाशीन मेली ना तुमच्या पनजीची माय, म्हनून आम्ही नवमी करतो. पास्टर साहेबांनी तिच्या भाषेत घातलं. ती ऐकत राहिली, मग हसली, मग रडली, दोन्ही एकदमच. आनि बोलायले लागली, पास्टर साहेब तुकडे तुकडे सांगत गेले.

तर झालं असं होतं. नवरा आधीच गेला होता. जहाजावर तापानं, समुद्रातच सोडला, म्हनून दगड नाही. ही त्याच्यामागं पोरं घेऊन सुरतेत एकटी. तिच्या लोकांनी निरोप धाडला, पुढच्या जहाजानं परत ये. हिनं सांगितलं, माझं तान्हं इथं पुरलंय, आनि माझ्याकडं पोरी शिवन शिकायले येतात, मी कुठं जाऊ? येवढीशी बाई, भाषा परकी, ऊन परकं, मागं दर्या येवढा, तरी इथंच बसून राहिली ती! पुढं पटकीची साथ आली, लोकांची आजारी लेकरं उचलून आनून निजवली घरात, त्यात स्वतः गेली. मग मोठ्या पोरीनं धाकट्यांले कडेवर घेऊन जहाज धरलं. ती पोरगी म्हनजे ह्या म्हातारीची पनजी.

माझ्या अंगावर काटा असा आला की लुगड्याले टोचला. मी त्या दगडाकडं पाहतच राहिले. आजवर मले वाटायचं ही नशीबवान, कुंकवासकट गेली. आनि ही तर माझ्याच जातीची निघाली!

आप्पा मागून कुजबुजला, घ्या, इतकी वर्षं रांडमुंड बाईले कुंकू लावलं तुम्ही, पाप केलं, पानी आन, धुऊन टाक अन् चाल. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे आप्पा, जी बाई येवढं सोसून इथं बसली तिच्या कपाळाचं तू काय सांगतो? आनि मी येत नाही. आप्पा म्हने, येडी व्हयनी का तू? कोन देनार तुले खोली?

मी पास्टर साहेबांकडं वळले. म्हनलं साहेब, उद्यापासून फाटकाची चावी कोनाकडं? अजून ठरलं नाही, म्हने. म्हनलं, ठरलं, माझ्याकडं. ते गडबडले, सुमनबेन, कब्रस्तानात बाईमानूस चौकीदार? मी म्हनलं, आत किती बायमान्सं झोपलीत साहेब, कोनी तक्रार केली का? म्हातारीनं विचारलं ही काय म्हनते. साहेबांनी सांगितलं. मग ती अशी हसली की निंबावरचे पोपट पार कामरेज गावापर्यंत उडाले. साहेब म्हनाले, बरं, एक महिना पाहू.

तो महिना अजून चालू आहे.

आप्पा टेम्पो रिकामा घेऊन गेला, वर्षभर बोलला नाही, मग पोरीच्या लग्नात दोन गाड्या भरून आला. पोरगी नर्स आहे, पोरगं इच्छापोरले फॅक्टरीत. पोरगं म्हनतं आई, फ्लॅट घेतला, लिफ्ट आहे, चल. मी म्हनते सनावाराले येईन. नवमी अजून करते. मांडे करते, पान ठेवते, कोनी म्हनो चुकीचं आहे. आजकाल पाहुने येतात, फोटो काढतात, मी त्यांले मडमबाईचं सांगते. पास्टर साहेब, हे नवे आहेत, तरुन, ते म्हनतात सुमनबेन, दरवेळी तुमच्या गोष्टीतला समुद्र मोठा होत चाललाय. मी म्हनते साहेब, ती एकटी राहिली तेव्हा तिले केवढा दिसला असंल, ते तुम्ही मापलं का?

घ्या, चहा गार झाला तुमचा. लिहा काय लिहायचं ते. आनि जा सुखानं, आनि तुम्हाले जिथं थांबावंसं वाटंल ना, तिथून कोनी उठवू नये तुम्हाले.