माणशी अर्धा किलो

माझे नाव जोतीराम मानसिंग रुपनवर, वय २३ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा खताच्या दुकानात मापाडी, राहणार सणसर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

आज दिनांक १९ नोव्हेंबर १९९६ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर होऊन समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर चुलते दत्तोबा, वय ६६, चुलती प्रयागबाई व चुलत बहीण मनिषा, वय १९, यांच्यासह राहतो. मनिषाचे लग्न अंथुर्णे येथे ठरले असून तारीख १२ डिसेंबर आहे.

घरी मेंढरे होती तेव्हापासून चुलते गांजाची चिलीम ओढतात. मेंढरे विकून बारा वर्षे झाली, चिलीम सुटली नाही. घरात दुसरे कोणी ओढत नाही.

दिवाळीआधी दुकानाच्या रद्दीत मला कायद्याची माहिती देणारे वर्तमानपत्राचे पान मिळाले. गांजा अर्धा किलोपर्यंत असून स्वतःच्या वापरासाठी होता असे शाबीत केले तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, त्यावर पाच वर्षांपर्यंत, असे त्यात होते. चुलत्यांनी जपून राहावे म्हणून ते मी त्यांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "म्हंजी माणशी अर्धा किलो माफ हाय की. कारखान्याची साखर मिळती तसं." चुलता-चुलती दोघांच्या नावे शेअर असल्याने आमच्याकडे सवलतीच्या साखरेची दोन कार्डे आहेत. गांजाचे तसे नाही, हे मला समजत होते. मी बोललो नाही. त्या दिवशी दुकानात युरियाची गाडी खाली केली होती व मी दमलो होतो.

चुलत्यांकडे वर्षाची बेगमी होती. त्यांच्या सांगण्यावरून मी तिचे घरच्या तागडीवर चार भाग केले, प्रत्येकी ४५० ग्रॅम. प्रत्येक पिशवीला घरातील एकेकाच्या नावाची चिठ्ठी बांधली. अक्षर माझे आहे. चुलती निरक्षर आहे. मनिषा तेव्हा भवानीनगरला शिवणक्लासला गेली होती. तिला आजपर्यंत यातले काही माहीत नव्हते.

आज सकाळी १० वाजता पोलीस पंचांसह घरी आले. चुलत्यांनी आपण होऊन कणगीतून पिशव्या काढून ओळीने मांडल्या व साखरेचे उदाहरण देऊन म्हणाले, "मोजा साहेब. समदं अर्ध्या किलोच्या आत हाय." हवालदार म्हणाले, "आबा, मग कार्डं पण काढा." पंच हसले. साहेबांनी चिठ्ठ्या वाचल्या व मनिषा कोण, असे विचारले. त्यानंतर कोणी हसले नाही.

आम्हा चौघांना ठाण्यात बोलावले. तेथे साहेबांनी मला समजावून सांगितले की, कायद्यात माफी कोणालाच नाही. पिशव्या ज्याच्या त्याच्या असतील तर चौघेही आरोपी. एकाच्याच असतील तर वजन १ किलो ८०० ग्रॅम होते व कमी शिक्षेचे कलम लागत नाही. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तेच सांगितले.

तरी मी सांगतो की, चारही पिशव्यांतील माल चुलते दत्तोबा यांचा आहे. वाटणी व चिठ्ठ्या मी केल्या. प्रयागबाई व मनिषा यांचा संबंध नाही. माल माझा आहे असे लिहून घ्या, असे मी आधी म्हणालो होतो. ते ऐकून बाकावर बसलेले चुलते म्हणाले, "जोत्या, तुला चिलीम धरता तरी येती का? खरं हाय ते सांग, आन् मनीला घरी ने."

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला व नंतर मी स्वतः वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, त्यात दुरुस्ती नाही.