सातव्या भागात तो रडतो

हॅलो?… हो, मीच. अगं, आत फोनच लागत नव्हता, आत्ता व्हरांड्यात आले… हो, दवाखान्यातच आहोत… थांब, आधी ऐक. बाबा ठणठणीत आहेत. काकांचं मनगट मोडलंय.

हो, आपलेच काका… हो, बाबांच्या समोरच मोडलं… नाही गं, बाबांनी नाही मोडलं. काहीतरीच काय.

बरं, चुकलं माझं. ‘बाबा आणि काका, दोघं दवाखान्यात, मग बोलते’ असा मेसेज वाचून कोणालाही वाटणारच, की नऊ वर्षांचा अबोला संपला आणि हाणामारी सुरू झाली… रडतेस कशाला? खरं तर हसण्यासारखंच जास्त आहे, पण एक्स-रेच्या खोलीसमोर उभी राहून हसणं बरं दिसत नाही… हो, हो… सांगते, पहिल्यापासून सांगते. सिनेमाला गेलो होतो.

‘सत्ताविसावा मजला’. सातवा भाग… हो, तोच मारामारीवाला. पहिल्या भागात मजला तरी होता, चौथा तर अख्खा पाणबुडीत, पण नाव आपलं तेच… हो, आपले बाबा. स्वतःच्या पायांनी.

अगं ऐक ना. बाजारात जाताना भिंतीवर पोस्टर दिसलं. त्यात तो कॅप्टन, केस पांढरे झालेले, हाताला प्लास्टर. बाबा भर रस्त्यात थांबले. चष्मा पुसला, परत लावला, पार नाक टेकवून बघितलं. म्हणाले, प्लास्टर बोटांच्या मुळाशी थांबवलंय, अंगठा मोकळा सोडलाय, हे कोणा जाणत्याचं काम आहे. जन्मभर हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घातलेला माणूस, त्याला कॅप्टन दिसलाच नाही, प्लास्टर दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढ म्हणून.

हो ना, त्यांना त्या सिनेमांचा रागच होता. भांडणच त्यावरून झालं… म्हणजे? तुला अजून घराच्या वाटणीवरून वाटतंय? कमाल आहे. बरोबर, तू नवरी, तुला कोण सांगणार. तुझ्याच लग्नाच्या जेवणात, आइस्क्रीमच्या टेबलापाशी. काका चौथ्या भागाचं कौतुक करत होते. कॅप्टनच्या गळ्याजवळचं हाड मोडतं आणि तरी तो त्याच हाताने पाणबुडीला लोंबकळतो. बाबा म्हणाले, मोडल्या हाडाने कोणी लोंबकळत नाही. काका म्हणाले, मनात असलं की लोंबकळतो. शब्दाने शब्द वाढला. शेवटी बाबा म्हणाले, ‘तू पस्तीस वर्षं शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवलंस आणि त्यांची हाडं मी बसवली.’ पी.टी.चे सर ऐकून घेतायत होय? ते म्हणाले, ‘मी माणसं उडवली. तू ती जखडून ठेवलीस.’ झालं. एका गल्लीत राहून नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही.

हो, पाणबुडीवरून. तू पाणी पी थोडं.

तर आम्ही जाऊन बसलो. सुरुवातीलाच कॅप्टन दुसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. आता इतक्या वर्षांत हा माणूस पडला की काय करायचा? कपडे झटकायचा आणि पुढच्याला लाथ. या वेळी पडला तो पडलाच. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाबा खुर्चीच्या टोकावर. पुटपुटतायत, ‘उठू नकोस, उठू नकोस.’ कॅप्टनने कोपर टेकलं, गुडघा उचलला, गुडघ्याने दगा दिला, परत खाली. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला… अगं, डोळ्यांत पाणी. म्हणाले, ‘तीस वर्षांनी या माणसाला गुरुत्वाकर्षण कळलं.’

भयंकर आहे सिनेमा. मी अर्धा ओढणीतून बघितला. गाडीच्या दारात एकाचं बोट सापडतं… नाही, दाखवत नाहीत, आवाज येतो नुसता. तो आवाजच वाईट. बाबा माझ्या कानात सांगतायत, इतर सिनेमांत गाजर मोडल्यासारखा काढतात, हा बरोबर आहे, ओल्या काडीचा. मला नको होती ही माहिती. मग जिन्यातली मारामारी. अकरा जण अंगावर येतात, कॅप्टन चौघांना लोळवतो आणि दम लागून पायरीवरच बसतो. पाचवा जो असतो, तोही त्याच्या शेजारी बसतो. दोघं धापा टाकतायत. मग पाचवा म्हणतो, चला, आणि पुन्हा सुरू. बाबांना इतकं आवडलं ते. म्हणाले, मारणाऱ्यालाही लागतं, हे एवढं दाखवायला यांना सात भाग लागले.

काका? येतात, काकाच येतायत आता. आमच्या दोन रांगा पुढे एक जण पहिल्यापासून उसासे टाकत होता. प्रत्येक फटक्याला ‘अरेरे’, प्रत्येक पडण्याला ‘ऊठ रे’. मध्यंतरात दिवे लागले, तो माणूस उभा राहिला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट… हो. अजून तेच घालतात.

ना कोणी सोबत, ना काकूला सांगितलेलं. पहिल्या भागापासून प्रत्येक भाग थिएटरात बघायचा, असा त्यांचा नेम. बाहेर चहाच्या रांगेत समोरासमोरच आले दोघं. मला वाटलं, एक भिंतीकडे बघेल, दुसरा छताकडे, नेहमीसारखं. पण काकांचा चेहरा पार पडलेला होता गं. कोणी जवळचं आजारी असल्यासारखा. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबांशी बोलले. म्हणाले, ‘तुझ्यासारख्यांनीच त्याची ही दशा केली.’

आणि बाबा… बाबा चिडले नाहीत. म्हणाले, ‘दशा नाही रे. आजवर तो पडला की सगळे टाळ्या वाजवायचे. आज पहिल्यांदा कोणीतरी त्याला कुठे दुखतंय ते विचारलंय.’

मला वाटलं, मिटलं. कसलं काय. रांगेसाठी खांबांना दोरी बांधलेली असते बघ, कमरेएवढी. काका म्हणाले, वय झालं म्हणून काही कोणी पडत नाही, हा सगळा त्या सिनेमावाल्यांचा कट आहे. पॉपकॉर्नचा डबा एका अनोळखी बाईच्या हातात दिला, दोन पावलं मागे गेले… हो. हो ना. सहासष्टाव्या वर्षी.

गेले की पलीकडे. खोटं का बोलू, उडी सुरेख होती. पण पलीकडची फरशी नुकती पुसलेली.

पडले तसे ताडकन उठले. ‘काही नाही झालं, काही नाही झालं’ म्हणत त्या बाईकडून डबा घ्यायला हात पुढे केला, तर हात काट्याच्या चमच्यासारखा वाकडा. बाई किंचाळली. डबा खाली. बाबांनी काकांना खाली बसवलं, बोटं हलवून बघायला सांगितलं, नखं दाबून बघितली. मग जमिनीवरचा डबा उचलला, उभा फाडला, पुठ्ठा हाताखाली घातला आणि माझी ओढणी ओढून घेतली… हो, तीच, निळी, तू दिलेली. तिने हात गळ्यात बांधून दिला.

मी म्हटलं, चला, रिक्षा बघते. काका म्हणाले, सिनेमा संपल्याशिवाय मी हलणार नाही. आणि बाबा, ज्यांनी आपल्याला साध्या खरचटण्यावरून दवाखान्यात बसवून ठेवलं, ते म्हणाले, दहा मिनिटं बस, मग जाऊ.

हो, बसलो. तिघं एका रांगेत. काकांचा चेहरा घामाने थबथबलेला, दात आवळलेले, नजर पडद्यावर. आणि नेमकं तेव्हाच तिकडे कॅप्टन एका धुलाईच्या खोलीत उपड्या बादलीवर बसतो, आणि रडतो. काही कारण नाही. कोणी मेलेलं नाही. नुसतं सगळीकडून दुखतंय म्हणून रडतो, नाक पुसत पुसत. बाबांनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘दुखतंय ना? मग रड की. तोसुद्धा रडतोय.’

रडले.

आधी हळू. मग इतके मोठ्याने, की मागून कोणीतरी ‘श्श’ केलं. बाबांनी मागे वळून त्याला अशी काही नजर टाकली, की तो बिचारा खुर्ची बदलून गेला. मग बाबांनी काकांच्या काखेत हात घातला आणि उठवलं. रिक्षात दोघं चिकटून बसले होते, मध्ये तो पुठ्ठा.

आता ना? होतच आलंय सगळं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन देऊन हाड जागेवर बसवलं. तोवर बाबा दारातून सूचना देत होते, कापूस दोन पदरी घ्या, मनगट एवढं वाकवा, तेवढं वाकवा. त्यांनी दोनदा बाहेर बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, आजोबा, तुम्हीच घाला, मी बघते. अगं, बाबांनी बाह्या काय झटकन वर केल्या. मला इथून काचेतून दिसतंय. काका म्हणतायत घट्ट होतंय, बाबा म्हणतायत तुला काय कळतंय. नऊ वर्षांचं सगळं तुंबलेलं आजच बाहेर येणारसं दिसतंय.

थांब… आलेच बाहेर. दोघं. काकांना तुझ्याशी बोलायचंय. एक मिनिट, स्पीकरवर टाकते…

अगं, ते विचारतायत, रविवारी येतेस का. शेवटचा तासभर राहिला ना, तर परत जाणार आहेत, सगळा पहिल्यापासून बघणार. तुलाही न्यायचंय. कॅप्टन शेवटी जगतो की नाही, यावर आताच जुंपलीय. बाबांचं म्हणणं, एवढं रक्त गेल्यावर शक्य नाही. काकांचं म्हणणं, मनात असलं की…

काय? तू बघितलास? कधी?… शुक्रवारीच?… नाही, नाही, थांब. एक अक्षर बोलू नकोस. दोघं ऐकतायत.

हसू पण नकोस. तू हसलीस म्हणजे तो जगला, असं काका म्हणतायत.

आता एकदम गप्प नको होऊस… बाबा म्हणतायत, बघ, गेला.

ठेव. छोटे, ठेव फोन. मीच ठेवते.