टाकीमागची चार खुरटी रोपं

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे विभागप्रमुख सर, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतली समस्त विद्वान मंडळी, मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी, आणि आज आपण सगळे मिळून ज्यांना गोड बोलून वाटेला लावतोय त्या संशोधक मॅडम, नमस्कार.

मी काचघरात पाणी घालणारा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण प्राध्यापकांना फळ्यावरची चूक दाखवली आणि ती जरा मोठ्याने दाखवली. त्यामुळे मला भाषणाचा सराव नाही, आवाजाचा आहे.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या चिकाटीचं इतकं कौतुक केलं, की मला वाटलं चुकून शोकसभेला आलो. चिकाटी एवढी आवडते, तर त्यांनी राजीनामा का दिला हे एकानेही का सांगू नये?

पाहुण्यांसाठी मी सांगतो. मॅडमचं म्हणणं असं, की झाडाच्या मुळांच्या आत एक बुरशी राहते. घरजावईच, पण काम करणारा. झाडाची साखर खाते आणि बारीक धागे लांबवर पसरून मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झाडाला आणून देते. हे तपासायला अठ्ठेचाळीस कुंड्या मांडल्या. माती भाजून निर्जंतुक केलेली. चोवीस कुंड्यांत बुरशी घातली, चोवीस तशाच ठेवल्या. बिनबुरशीच्या खुरटायला हव्या होत्या. पण शेवटी सगळी रोपं सारखीच तरारली. सर म्हणाले, "तुमची बुरशी फुकट खाते." तीन वर्षांचं काम बाद!

मॅडम, तुमची बुरशी निर्दोष आहे. घोळ मी घातलाय.

हो सर, बसतो. सांगून झालं की बसतो.

सुरुवातीला बिनबुरशीची रोपं खुरटीच होती. रोज सकाळी मॅडम त्यांच्यापुढे उकिडव्या बसायच्या, पानं मोजायच्या आणि उसासा टाकायच्या. त्या उसाशाने माझं काय व्हायचं, ते पाहुण्यांसमोर नको. मला वाटलं, रोपांसाठी यांचा जीव तुटतोय. एकदा विचारलंसुद्धा, "मॅडम, यांना काही खत-बित?" तर म्हणाल्या, "नको रे, छान चाललंय." आता दुःखातलं माणूस असंच बोलतं ना? मी तर तसंच बोलतो. म्हणून कुंपणालगतच्या जुन्या झाडाखालची बादलीभर माती आणली आणि एकेका रोपाला मूठमूठ घातली. त्या मातीत हीच बुरशी ठासून भरलेली असते, हे मला कुठे ठाऊक? दोन महिन्यांत रोपं डुलायला लागली. मी गाढवासारखा मॅडमच्या हसण्याची वाट बघत उभा. त्या रडल्या.

भांडारवाले काका मागून विचारतायत, "मग तेव्हाच का नाही बोललास लेका?" काका, घाबरलो. नोकरी जाईल म्हणून नाही. मॅडम पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाहीत म्हणून.

सरांचा चेहरा सांगतोय, हा मॅडमना अडवायला थापा मारतोय. पुरावा आहे सर. माझी बादली विसाव्या कुंडीला संपली. उरलेली चार रोपं खुरटीच राहिली. तुम्ही त्यांना रोगट ठरवून यादीतून काढलंत आणि फेकायला माझ्याकडे दिलंत. माझ्याच्याने फेकवेना. पाण्याच्या टाकीमागे चारही जिवंत आहेत. त्यांची मुळं कापा, त्या विसांतल्या कुठल्याही रोपाची कापा, आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. विसांत धागे दिसतील, चारांत दिसणार नाहीत. तसं नसेल, तर मला हाकला. असलं तरी हाकलालच म्हणा.

मॅडम, तुम्ही उठलात? टाकीच्या डाव्या हाताला बघा. कुंड्या जड आहेत, कुणाला तरी सोबत न्या. मी येणार नाही. तुमच्या कुंड्यांना आपण हात लावायचा नाही, एवढं विज्ञान मला आता कळलंय.

माइक बंद न केल्याबद्दल आयोजकांचे आभार. बोलताना तोल गेला असेल तर सभेने पोटात घालावं. कुंड्यांची माफी मात्र मी फक्त मॅडमकडे मागतो. तिची घाई नाही. आधी मुळं बघा, मॅडम.