बांधीत धाडलेली आई

रुख्मा : तोंड तिकडं काऊन फिरवलं रे? काय झालं?

बकाराम : काई नाई. तुमी आपले भारे बांधा, वहिनी.

(गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडचं एक गाव, मंडईचा म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा दिवस, दुपार. सारं गाव मैदानातल्या मोठ्या पडद्यासमोर बसलेलं. पडद्यावर भारताच्या पोरींची हॉकीची फायनल. गोलकीपर गुंजनची आई रुख्मा मात्र गावाबाहेर कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, आणि तिच्या राखणीला धाकटा दीर बकाराम, मोबाईलची वायर कानात घालून.)

रुख्मा : काई नाई म्हनतोस अन् मोबाईल लपवून राहिला. गोल खाल्ला का पोरीनं?

बकाराम : तुमाले सांगाचं नसते, मालूम हाये ना. पायनं नाई, आयकनं नाई. मॅच सरली का मीच सांगतो.

रुख्मा : पोरगी देशाकडून खेळाले लागली तवापासून हेच आयकून राहिली मी.

बकाराम : अन् तवापासून पोरगी जिंकून राहिली का नाई? मंग?

रुख्मा : हारली बी ना मधामधात.

बकाराम : त्या दिवशी तुमी खिडकीतून डोकावलं असन.

रुख्मा : त्या दिवशी मी गोंदियाले दवाखान्यात होती. सलाईन लागली होती मले.

बकाराम : दवाखान्यात टीव्ही होता का?

रुख्मा : बकाराम.

बकाराम : बरं, राहू द्या. बसा जरा. कवाच्या उठबस करून राहिल्या. एक भारा धड बांधला नाई तुमी.

रुख्मा : बसवत नाई रे. हे सारं आपल्या त्या बकरीपासून लागलं. शेजारच्या मुन्नालालच्या घरी टीव्हीवर गुंजनची पयली मॅच लागली अन् तिनं तेवढ्यातच दावं तोडलं. मी तिच्या मागं धावली, इकडं पोरीनं गोल अडवला. वापस येऊन जराशी टेकली, तं गोल खाल्ला.

बकाराम : तेच तं. साऱ्यायनं आपल्या डोऱ्यानं पायलं. मुन्नालालभाऊ म्हने, वहिनी, तुमी भाईरच बऱ्या.

रुख्मा : पुढच्या मॅचले तीच बकरी तुमी मुद्दाम सोडली होती.

बकाराम : मी नाई, ढोलवाल्या ओमेशनं सोडली.

रुख्मा : तू फाटक उघडलं.

बकाराम : जिंकली ना पन. बकरी मेली, मंग तुमाले सांगूनच भाईर काढाले लागलो. त्याच्यात आमचं काय चुकलं?

रुख्मा : काई चुकलं नाई. लाडू वाटाले मी पाहिजे. सत्कार असला का पयल्या खुर्चीवर मी, मोठमोठे लोक येऊन पाया पडतेत, धन्य ती माय म्हनतेत. अन् मॅच लागली का धन्य माय चालली बांधीत. मले राग येते रे. लय राग येते.

बकाराम : थांबा. गाव काऊन बोंबलून राहिलं?

रुख्मा : गोल झाला वाटते. तुह्या मोबाईलात काय हाये?

बकाराम : माह्यात अजून झाला नाई. गावात डिशवर दिसते, माह्यात मागून येते. या बांधीत नेटवर्क लय हळू. हां, आता आला बॉल... घुसली, घुसली... हाव, झाला. दोन-दोन. बरोबरी झाली, वहिनी.

रुख्मा : सांगितलंस ना मले.

बकाराम : अरे बापा. सुटलं तोंडातून.

रुख्मा : मंग? मी आयकलं तं गोल वापस गेला का?

बकाराम : मॅच अजून सरली नाई. थोडीशीच राहिली हाये, पन सरली नाई. तिकडं तोंड करा तुमी, गोरेगावच्या रोडकडं.

रुख्मा : रोड पायून पायून पाठ झाला मले.

बकाराम : पोरगी टीव्हीवर नाई पायली, तं का झालं? गोंदियाच्या स्टेशनापाशी केवढा मोठा फोटो लागला होता तिचा.

रुख्मा : पायला. लोक म्हने, तुमची गुंजन वाघावानी झेप घेते. मी हाव म्हनलं. फोटो हालत नाई ना रे. ती घरी आली का आंगाले तेल लावून देते मी. उजव्या मांडीवर वण असला का समजते, या खेपेस उजवीकडं जास्त पडली. डावा गुडघा सुजला असला का समजते, डावीकडं. माह्यापाशी तिचा खेळ एवढाच हाये, वणाचा.

बकाराम : असं नका बोलू.

रुख्मा : शाळेत होती तवा सर म्हने, गोलकीपरचं किट एकच हाये, मोठ्या पोरींचं. मंग धानाच्या पोत्यात जुन्या गादीचा कापूस भरून पायाले बांधाच्या गाद्या मी शिवल्या. आठवते?

बकाराम : आठवते. आंगणात उभी राहे ती, अन् मी बॉल मारो. एक कवेलू राहिलं नाई घरावर.

रुख्मा : अन् मी भांडे घासत राहो, तुमच्याकडं पाठ करून. म्हनो, पायन उद्या, पायन परवा. पोरगी का कुठं जाते.

बकाराम : मंग आता पुढची मॅच पायजा. मी सोता भाऊले सांगतो. अशी छोटीशी, हारली तरी चालन अशी. पुढच्या साली लय मॅची हायेत.

रुख्मा : पुढची नाई.

बकाराम : म्हनजे?

रुख्मा : काई नाई.

बकाराम : वहिनी, पुढची नाई म्हनजे काय?

रुख्मा : गुंजननं शपथ घातली हाये मले.

बकाराम : तिले पयला बॉल मी मारला हाये. सांगा.

रुख्मा : सकारी फोन आला होता. गुडघा गेला तिचा. डॉक्टरनं सांगितलं, आता बस. आजची आखरी. संगच्या पोरींले बी सांगितलं नाई तिनं, मॅच सरल्यावर सांगन. म्हने, बाबाले नको सांगू, ते आतापासून रडतीन अन् साऱ्या गावाले समजन. पन आई, म्हने, या खेपेस तू पायजो. एकदा तरी मले खेळतानी पाय.

बकाराम : अन् तुमी काय म्हनल्या?

रुख्मा : हाव म्हनलं. अन् आली बांधीत.

बकाराम : भाऊले सांगाचं तं होतं, का मले पायाचं हाये म्हनून.

रुख्मा : सांगाले गेली. तुह्या भावानं हात जोडले माह्यापुढं. रुख्मा, फायनल हाये, म्हने, आजच्या दिवस जा. त्याच्या डोऱ्यात पानी होतं रे. बापच हाये तो बी. काय बोलू त्याले?

बकाराम : आमी तुमाले बकरीच्या मागं धाडत राहिलो, अन् पोरगी तिकडं आई पायन म्हनून वाट पायत राहिली. या इकडं. बसा अठी, भाऱ्यावर.

रुख्मा : नको.

बकाराम : आता काऊन नको?

रुख्मा : खरं सांगू? मले बी भेव वाटते. एवढी वर्सं लोकायनं सांगितलं, थोडंसं मनात बसलंच ना. मी पायलं, अन् हारली तं? आखरीच्या दिवशी?

बकाराम : ते मले नाई समजत. पन तिनं सांगितलं हाये, पाय म्हनून. गोलात ती उभी हाये, गाव नाई.

रुख्मा : गाव तुले विचारन.

बकाराम : सांगन, बॅटरी सरली होती, मी काई पायलंच नाई. या.

रुख्मा : ... कोनती?

बकाराम : ते नाई, ते तिकडच्या. हे पाया, गोलात. भगवे कपडे, तोंडाले जाळी.

रुख्मा : एवढीशी दिसते. अन् कोनाले शिव्या देऊन राहिली?

बकाराम : शिव्या नाई. कोन कुठं उभं राहाचं ते सांगून राहिली. साऱ्या पोरी तिचंच आयकतेत.

रुख्मा : घरी तं एक शब्द बोलत नाई. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठते.

बकाराम : पायलं? पायानं अडवला. पुन्हा आला, पुन्हा आला... बसली खाली, गेला भाईर.

रुख्मा : डाव्या पायावर भार देत नाई ती.

बकाराम : कोनाले दिसत नाई ते.

रुख्मा : मले दिसते. कशी झेपावते रे. माही हाये ना ती? खरंच माही हाये?

बकाराम : तुमचीच हाये. आता रडू नका, काच ओली होते. अरे... अरे, काय झालं? बॉल आपल्या दुसऱ्या एका पोरीच्या आंगाले लागला वाटते, गोलाच्या रेषेवर. पंच हात दाखवते. स्ट्रोक देल्ला.

रुख्मा : म्हनजे काय?

बकाराम : मधात कोनी नाई. ती तिकडची एकटी मारन, अन् आपली एकटी अडवन. गेला तं तीन-दोन. वेळ सरलाच हाये, मंग काई करता येत नाई. अडवला तं ढोल वाजन, ओमेश काठ्या घेऊनच बसला हाये.

रुख्मा : दोन्ही बाजूच्या खांबाले हात काऊन लावून राहिली ती?

बकाराम : दर खेपेस लावते. टीव्हीवाले बी सांगतेत, तिची सवय हाये म्हनून. तुमाले मालूम नाई.

रुख्मा : मालूम हाये. शाळेत जातानी दाराच्या चौकटीले असाच हात लावे, एक इकडं, एक तिकडं. मी म्हनो, तेलाचे हात, चौकट खराब होते. तेच करून राहिली पोरगी. तेच.

बकाराम : उभी राहिली. आता पंच शिट्टी... आं? गाव काऊन चूप झालं?

रुख्मा : ढोल?

बकाराम : ढोल नाई.

रुख्मा : थांब, वाजन आता.

बकाराम : नाई, वहिनी. लाउडस्पीकर बंद केला त्यायनं. गावात झालं. माह्यात अजून व्हाचं हाये.

रुख्मा : गेला म्हन.

बकाराम : गेला. तुमी अजून पायलं नाई तरी गेला. उगाच धाडलं आमी तुमाले, उगाच. द्या तो मोबाईल, बंद करतो.

रुख्मा : हात नको लावू.

बकाराम : आता काय पायता, वहिनी? गोल तं झाला.

रुख्मा : गावात झाला असन. अठी माही पोरगी अजून उभी हाये.