चेअरमनच्या टेबलाची बिस्किटं

काय सांगू बे, त्या दुष्काळात दूध सोसायटीच्या टेबलानं माझं डोकं उठवलं! फळ्या जोडताना खाचेत लाकडी चकत्या घालतो, त्याला आमी सुतार बिस्किटं म्हणतो. त्यातलं एकबी खाचेत जाईना. ठोकलं तर फळीच चिरली. तेवढ्यात चेअरमन हजर.

"मिटिंग तोंडावर आली, अन् जोड काहून बसंना?"

"बिस्किटं फुगली, साहेब. ओल लागली."

ते दारातूनच ओरडले, "ओल? गावात प्यायला थेंब न्हाई, अन् तुझ्याच दुकानात ओल कुठून आली?"

माझंबी टाळकं सरकलं. म्हणलं, "तुमी कोपऱ्यात लपवलेले पाण्याचे ड्रम गळायलेत की!"

बाहेर टँकरची वाट बघत बसलेल्या बाया घागरी घेऊन उठल्या, अन् थेट माझ्या दुकानात शिरल्या.